अकरा वॉर्डांची बेरीज

४ मार्च

मुंगी,

तुझा पत्ता मावशीकडून मिळवला. तिच्यावर चिडू नकोस. आधी ती नाहीच म्हणाली. मग मी सकाळी आठपासून जेवणवेळेपर्यंत तिच्या समोर बसून राहिले, तेव्हा कंटाळून तिनं कागदावर लिहून दिला. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं तसं नसतं, ते दाराखालून आत येतं आणि पडून राहतं.

बाबा बरे आहेत, म्हणजे होते तसेच आहेत. डावा हात आता खांद्यापर्यंत उचलतात. व्यायाम करून घ्यायला ज्या बाई येतात त्यांना रोज नवं कारण सांगतात. काल म्हणाले, आज या हाताची रजा आहे, अर्ज टाकलाय. बाई हसल्या आणि हात धरून वर केला. हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहिल्यामुळे त्या रोज येतात. बाहेर कुठे राहत असतो तर आल्या नसत्या.

मी अजून ड्यूटी ऑफिसातच आहे. निवृत्तीनंतर दोनदा मुदतवाढ मिळाली, तिसरी मे महिन्यात. कारण एकच, नर्सेसच्या तासांची बेरीज करणारं ते फंक्शन माझ्याशिवाय कोणाला कळत नाही. तुलाही मी ते कधी नीट सांगितलं नव्हतं. तू विचारलं नाहीस, आणि विचारलं असतंस तरी मी म्हटलं असतं, तुला काय कळणार. आता ऐक.

अकरा वॉर्ड, अकरा शीट. शनिवारी पुढच्या आठवड्याच्या ड्यूट्या लावून सगळ्या शीट भरून ठेवायच्या. मग आठवडाभर जशी अदलाबदल होईल तशी त्या त्या वॉर्डच्या मुख्य सिस्टरनं आपल्या शीटमध्ये भर घालायची. पण नर्स काही एका वॉर्डात राहत नाही. आज इथे उसनी, उद्या तिथे. तिचे तास अकरा ठिकाणी विखुरतात. पूर्वी मी ते पेन्सिलनं गोळा करत असे. कॉम्प्युटरची नेहमीची बेरीज एका शीटपुरती ठीक. अकरा शीटमध्ये एकेकीचा नंबर शोधत फिरायचं म्हटलं की फॉर्म्युला हातभर लांब होतो आणि एक वॉर्ड वाढला की मोडतो. म्हणून मी स्वतःचं फंक्शन लिहिलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्टॅटिस्टिक्सची पदवी घेऊन छत्तीस वर्षं उलटल्यावर. नर्सचा नंबर आणि आठवडा सांगायचा. फंक्शन अकराही शीटमध्ये जाऊन तिचे तास वेचून आणतं आणि एक आकडा पुढे ठेवतं. साठच्या वर गेला की चौकट लाल. चौकट लाल झाली की तिला पुढची ड्यूटी नाही, मग मेट्रन येऊन उभी राहू दे.

तीन वर्षांत एकही चौकट लाल झाली नाही. हे मी येईल त्याला सांगत असे.

त्यात एक छोटा दोष निघाला. दुरुस्त केला. त्यावरून आठवलं, तुझ्या त्या आठवड्याच्या ड्यूट्या तू कुठे टिपून ठेवल्या आहेस का? नर्सिंग परिषदेकडे पुनर्विचाराचा अर्ज निकालापासून दोन वर्षांच्या आत करता येतो. तुझी दोन वर्षं तीस एप्रिलला भरतात. सहज कळवते आहे.

आई


१५ मार्च

मुंगी,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

गेल्या पत्रात मी ‘सहज’ लिहिलं. सहज नव्हतं. दोषही छोटा नव्हता.

कॉम्प्युटरची एक रीत आहे. आपण लिहिलेल्या फंक्शनला आपण जे हातात देतो, ते बदललं तरच तो पुन्हा कामाला लागतो. मी त्याच्या हातात देत होते नर्सचा नंबर आणि आठवडा. नंबर तोच, आठवडा तोच, म्हणजे प्रश्नही तोच. मग तो कशाला उठेल? शनिवारी एकदा काढलेलं उत्तर तो आठवडाभर दाखवत राहिला. मधल्या दिवसांत कोणत्या शीटमध्ये कोणी काय भर घातली, हे बघायला तो गेलाच नाही. शनिवारी लावलेली ड्यूटी प्रत्येकीची सहा दिवसांची, अठ्ठेचाळीस तास. म्हणून सगळ्या अठ्ठेचाळीस. म्हणून एकही लाल नाही.

हे मला गेल्या महिन्यात कळलं. मुलांच्या वॉर्डची एक नर्स आली आणि म्हणाली, मॅडम, मी काल डबल केली, तुमच्याकडे एकच दिसतेय. मी तिला बसवलं, म्हटलं, थांब, दाखवते तुला. तिच्या शीटमध्ये आठ तास होते. माझ्या पडद्यावर नव्हते. मी आठाचे ऐंशी करून पाहिले. माझ्या पडद्यावर अठ्ठेचाळीस. आठशे केले. अठ्ठेचाळीस.

ती गेल्यावर मी तुझा आठवडा उघडला. शीट त्या वेळी भरल्या तशाच आहेत, त्यांना कोणी हात लावलेला नाही. तुझ्या वॉर्डात अठ्ठेचाळीस. मंगळवारी मुलांच्या वॉर्डात आठ. गुरुवारी जळितांच्या वॉर्डात बारा. रविवारी, सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलेले, अपघात विभागात आठ. एकूण शहात्तर. त्या रविवारीच तुझ्या हातून औषध सोडणाऱ्या पंपावर पाचच्या जागी पन्नास लागले.

तो पेशंट, म्हातारा ड्रायव्हर, नऊ दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेला. तुला ते माहीत आहे, तरी लिहिते. चूक तुझी होती. ते मी आजही म्हणते. पण चौकशीत तुला दोन गोष्टींसाठी दोषी धरलं, चूक केली म्हणून आणि तासांबद्दल खोटं बोललीस म्हणून. चुकीला समज देऊन सोडलं असतं. नोंदणी रद्द झाली ती दुसऱ्या गोष्टीसाठी.

तू सांगितलंस, सत्तरच्या वर झाले असतील, मोजायची शुद्ध नव्हती. समितीनं माझ्याकडे पाहिलं. मी रिपोर्ट वाचला. अठ्ठेचाळीस. तू माझ्याकडे वळून, ‘मॅडम’ म्हणायचं ठरलेलं असताना, म्हणालीस,

‘‘आई, एकदा शीट उघडून हातानं मोज ना.’’

मी म्हटलं, ‘‘हातानं मोजायचं असतं तर फंक्शन कशाला लिहिलं असतं?’’

समितीतले एक जण हसले. मला ते बरं वाटलं होतं.

आई


२४ मार्च

मुंगी,

या सोमवारी व्यवस्थापकांना भेटले. तू त्यांना हसरे म्हणायचीस ते. अजून हसतात.

दुरुस्ती सोपी आहे. फंक्शनच्या हातात तिसरी एक गोष्ट द्यायची, एक रिकामी चौकट. रोज सकाळी मी त्या चौकटीत एक नवा आकडा टाकायचा. आकडा बदलला की कॉम्प्युटरला वाटतं प्रश्न बदलला, मग तो उठून पुन्हा अकरा शीट फिरून येतो. लिहायला चार ओळी लागल्या. आकडा टाकला आणि पडदा भरून लाल. त्रेचाळीस नर्सेस. एक ब्याऐंशीवर होती. मी तो कागद छापून हसऱ्यांच्या टेबलावर ठेवला. खाली तुझा आठवडा.

त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग मला पाणी दिलं. म्हणाले, मॅडम, तुमच्यासारखं काम या इमारतीत कोणी करत नाही. दोष सापडला, दुरुस्त झाला, मग आणखी काय? मागचं उकरलं तर त्रेचाळीस जणी, तीन वर्षं, आणि त्या तीन वर्षांतली प्रत्येक तक्रार पुन्हा उघडायची. परवाना देणारे विचारतील, वृत्तपत्रं विचारतील, आणि पहिला प्रश्न येईल की फंक्शन लिहिलं कोणी. मग त्यांनी बाबांची चौकशी केली. हात कुठवर जातो, बाई नियमित येतात ना. मुदतवाढीचं पत्र मे महिन्यात त्यांच्याकडे सहीला येईल म्हणाले. क्वार्टर त्यालाच जोडलेलं असतं, तुम्हाला माहीतच आहे. या वयात मिस्टरांना घेऊन कुठे धावपळ करणार तुम्ही.

या माणसानं मला एकदाही धमकी दिली नाही. सगळा वेळ तो माझी काळजीच करत होता.

निघताना त्यांनी विचारलं, पूर्वीचं फंक्शन अजून ठेवलं असेल ना तुम्ही कुठेतरी? तुम्ही काही फेकत नाही. तो लाल रंग बघून मेट्रन उगीच घाबरतील.

मी म्हटलं, बघते.

आई


५ एप्रिल

मुंगी,

पहिली तिन्ही पत्रं तू वाचली असशील तर ती बाजूला ठेव. त्यातल्या तारखा खोट्या आहेत.

ती नर्स माझ्याकडे आली ती गेल्या महिन्यात नाही, नोव्हेंबरमध्ये. हसऱ्यांची भेटही नोव्हेंबरचीच. आणि मी ‘बघते’ म्हटल्यावर काय बघितलं ते लिहिलं नाही, ते आता लिहिते. त्याच दुपारी मी ऑफिसात परत आले, दुरुस्त केलेलं फंक्शन काढलं आणि जुनं लावलं. नवं एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं. पडदा स्वच्छ झाला. सगळ्या अठ्ठेचाळीस.

तेव्हापासून मी रोज ते बघत बसते. साडेआठला जाते. घरापासून ऑफिसपर्यंत एकशे बारा पावलं आहेत, रस्ता ओलांडावा लागत नाही. खिडकीसमोर जनरेटरची भिंत आहे. पूर्वी मला तिचं काही वाटत नसे, मान वर करून खिडकीकडे बघायला वेळच कुठे होता. आता वेळ असतो. बेरीज कॉम्प्युटर करतो, ती खोटी आहे हे मला माहीत असतं, मग मी करायचं काय? दर दोन तासांनी घरी जाऊन बाबांची कूस बदलते आणि परत येते. क्वार्टरचं कुलूप हॉस्पिटलचं, पलंग हॉस्पिटलचा, बाबांना धरून उभं करायची ती लोखंडी चौकटही हॉस्पिटलची, तिच्यावर नंबर रंगवलेला आहे. मी मनात घरातल्या वस्तूंची यादी केली की यातलं आपलं काय. फारसं निघालं नाही.

काम सोडून जावं, तर फंक्शन दुसरं कोणी उघडील आणि दोष दिसेल. थांबावं, तर मीच रोज त्याच्यावर सही करते. तू म्हणशील, इतकं सोपं होतं, सांगून टाकायचं. मलाही नोव्हेंबरात तसंच वाटत होतं. आधी वाटलं, बाबांचा हात जरा सुधारू दे. मग वाटलं, हिवाळा संपू दे. तुझ्या तीस एप्रिलपर्यंत अजून पाच महिने आहेत, असं मी रोज म्हणत होते. मग चार म्हणू लागले.

फेब्रुवारीत मुलांच्या वॉर्डची तीच नर्स जिन्यावरून पडली. दुपारची वेळ होती, हातात काही नव्हतं, जिना ओला नव्हता. उतरता उतरता झोप लागली म्हणाली. मनगट मोडलं. हसऱ्यांच्या ऑफिसातून फोन आला, तिचे तास कळवा. मला माहीत होतं, बहात्तर. मी छापून पाठवलं, अठ्ठेचाळीस. सहीसकट. मनगट बांधलेल्या हातानं ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, मला वाटलं आता बोलेल. ती म्हणाली, मॅडम, तुमच्या मुलीनं मला सुई लावायला शिकवली होती. कशी आहे ती?

मी म्हटलं, बरी आहे.

मला माहीतच नव्हतं तू कशी आहेस. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मावशीकडे गेले.

आई


१४ एप्रिल

मुंगी,

बाबांना सांगितलं. इतके महिने सांगितलं नव्हतं, कारण त्यांना त्रास होईल. निदान मी स्वतःला हेच कारण देत होते.

सकाळी दाढीच्या वेळी. ते उजव्या हातानं करतात, आरसा मी धरते. आरसा धरलेला असला की त्यांना माझं तोंड दिसत नाही, म्हणून बहुतेक मला बोलता आलं. पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते वस्तरा चालवत होते. मध्येच म्हणाले, आरसा जरा वर. मला वाटलं, ऐकत नाहीत. मी सांगत राहिले. जुनं फंक्शन परत लावलं इथपर्यंत आले तेव्हा वस्तरा थांबला. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण.

मी म्हटलं, कळवलं तर महिन्याभरात ही खोली जाईल. व्यायामाच्या बाई जातील. तुम्हाला घेऊन मी कुठे जाऊ?

ते हल्ली एकेक शब्द शोधून बोलतात, तुला ठाऊक नसेल. मी आरसा खाली केला. ते म्हणाले,

‘‘हेडबाई, मला या खोलीत ठेवायचं म्हणून तू तिला बाहेर ठेवलंस. हे मला विचारून केलंस का?’’

मी म्हटलं, ‘‘विचारलं असतं तर काय सांगितलं असतंत?’’

‘‘ते आता कशाला,’’ म्हणाले. ‘‘विचारलं नाहीस.’’

आणि दुसरा गाल करायला घेतला. मला आरसा धरावा लागला.

त्यानंतर ते दिवसभर काही बोलले नाहीत. त्यांना बोलायला कष्ट पडतात म्हणून गप्प होते, की माझ्याशी बोलायचं नव्हतं, हे मला ओळखता आलं नाही. एकोणचाळीस वर्षांत मला हे पहिल्यांदा ओळखता आलं नाही. संध्याकाळी चहा दिला तर म्हणाले, गार आहे. गार नव्हता.

आई


२२ एप्रिल

मुंगी,

या पत्राबरोबर जाड पाकीट आहे. ते फाडू नकोस. पत्र फाड हवं तर.

सोमवारी सकाळी साडेआठला मी नवं फंक्शन लावलं आणि रिकाम्या चौकटीत आकडा टाकला. सत्तेचाळीस लाल. ते छापून अकराही वॉर्डांच्या भिंतींवर लावून आले. एका वॉर्डात लावताना मागे तिघी येऊन उभ्या राहिल्या. आपापला नंबर शोधला. एक म्हणाली, बाई गं, मी अठ्ठ्याहत्तर? मला वाटायचं मी म्हातारी झाले. बाकीच्या हसल्या, मग कोणी हसेना. मेट्रन खाली आल्या, भिंतीकडे पाहिलं, मला म्हणाल्या, तुम्ही घरी जा. मी म्हटलं, माझी ड्यूटी साडेपाचपर्यंत आहे, आणि साडेपाचपर्यंत बसले.

हसऱ्यांनी बोलावलं नाही. चिठ्ठी पाठवली. मुदतवाढ मिळणार नाही. ड्यूटी ऑफिसची किल्ली जमा करावी. क्वार्टर एकतीस मेपर्यंत रिकामं करावं. शिवाय सदोष यंत्रणेबद्दल माझी चौकशी होईल, समिती तीच. मी हजर राहीन.

आम्ही तुझ्याकडे येणार नाही, घाबरू नकोस. तळमजल्यावरची खोली शोधते आहे. आतापर्यंत चार पाहिल्या. एकीचा उंबरा फार उंच, एकीत संडासाला तीन पायऱ्या, दोघांनी बाबांना बघून नाही म्हटलं. शनिवारी आणखी दोन पाहायच्या आहेत. व्यायाम कसा करून घ्यायचा ते बाईंनी मला वहीत चित्रं काढून दाखवलं आहे. बाबा म्हणाले, आता घरात सुटका नाही. आठ दिवसांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं पुरतं वाक्य.

आता पाकीट. त्यात तुझ्या त्या आठवड्याच्या अकरा शीटच्या प्रती आहेत, प्रत्येकीवर माझी सही. मुलांच्या वॉर्डच्या आणि जळितांच्या वॉर्डच्या मुख्य सिस्टरनीही सह्या दिल्या आहेत. अपघात विभागाची अजून विचार करते आहे, तिच्या घरी तीन मुलं आहेत, मी जास्त आग्रह केला नाही. त्याखाली परिषदेचा पुनर्विचाराचा अर्ज, चार पानी. मी भरता येईल तेवढा भरला आहे.

तिसऱ्या पानावर एक रकाना आहे, ‘मूळ चौकशीत चुकीची माहिती दिली जाण्याचं कारण’. तीन ओळींची जागा. ती जागा भरायला मला दोन दिवस लागले. आधी लिहिलं, ‘कॉम्प्युटरमधील तांत्रिक दोष’. ते खरं आहे आणि परिषदेला पुरलंही असतं. ते खोडलं. खोडलेलं दिसतंय, नवा अर्ज आणायला वेळ नव्हता. खाली लिहिलं, ‘संबंधित नर्सनं शीट उघडून पाहायला सांगितलं होतं. मी पाहिलं नाही. पुढे दोष कळल्यावर पाच महिने लपवला.’ त्याखाली माझं पद लिहिलं, मग पद खोडून नातं लिहिलं. तो रकाना दोनदा खोडलेला आहे, तर ते असं.

अर्ज तुझ्या नावानंच जावा लागतो, माझ्या नावानं चालत नाही. विचारून आले. तीस तारखेला दुपारी चारच्या आत परिषदेच्या खिडकीवर पोचायला हवा. टपालावर सोडू नकोस, स्वतः जा. चष्म्याच्या दुकानातून एक दिवस रजा मिळेल, मावशी म्हणाली मालक बरा आहे.

तुझी सही चौथ्या पानावर, खाली उजवीकडे, फुली केली आहे तिथे. माझ्यावरच्या रागानं केलीस तरी करून टाक. खिडकीवरचा माणूस फक्त तारीख बघतो.

आई